कुंडलच्या मातीत बंड परकं कसं?

गेल्या रविवारी दादाने फोनवर सांगितलं, भाचीची पुस्तकं कपाटात घालून कुलूप लावलंय. भाची नववीत आहे. पुस्तकं इंग्रजी. जादूचं राज्य, जन्मावरून पाडलेले माणसांचे थर, आणि तळातली एक पोर राजवाड्यावर उठते. "असलं काय आपल्या मातीत नसतं. पोरी उलट बोलायला लागतात," दादा म्हणाला.

आमचं गाव सांगलीकडच्या कुंडलच्या शिवाराला लागून! १९४३ साली याच पट्ट्यात इंग्रजांविरुद्ध नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. त्या जूनमध्ये प्रतिसरकारच्या तूफान सेनेने शेणोलीला पगाराची रेल्वेगाडी लुटली, तेव्हा सेनेतले जी. डी. बापू लाड जेमतेम विशीतले होते. वाळवा तालुक्यातलं वाटेगाव अण्णाभाऊंचं. १९५९ च्या 'फकिरा'त दुष्काळात भुकेल्यांसाठी धान्य लुटणारा मांग तरुण आहे. मग भाचीच्या पुस्तकातली पोर परकी कशी? दादाची भीती मात्र खरी आहे. गोष्टी पानात राहत नाहीत. 'हंगर गेम्स' या असल्याच इंग्रजी गोष्टीतली तीन बोटांची बंडाची खूण २०१४ च्या लष्करी उठावानंतर थायलंडच्या तरुणांनी रस्त्यावर आणली.

इथे जर्मनीत, न्यूर्नबर्गला माझी लेक वाचनालयातून असली पुस्तकं पिशवी भरून आणते. कुणी अडवत नाही. हे मी दादाला जरा जोरातच ऐकवलं. "तुला तिकडं बसून बोलायला काय जातंय?" तो म्हणाला.

ते झोंबलं. कारण एक गोष्ट मी घरी कुणाला सांगितलेली नाही. मे महिन्यात लेकीचा चौथीचा दाखला आला. गिम्नासियुमला, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेला, सरासरी २.३३ लागते, तिची २.६६. इथे आकडा जितका कमी तितकं चांगलं. बाई मायेने म्हणाल्या, "घरी जर्मन बोलत नाही ना तुम्ही." दहा वर्षांच्या पोरीची रांग ठरली. त्या रात्री तिच्या उशाशी पडलेलं पुस्तक मी उजाडेपर्यंत वाचलं आणि त्या तळातल्या पोरीसाठी रडले. कॉलेजात 'फकिरा' वाचतानाही मी स्वतःला फकिराच्याच बाजूची समजत होते.

पण आमचं घर बारा एकर उसाचं. गळीत हंगामात बीडकडची ऊसतोड मजुरांची टोळी यायची, बांधाला कोप्या पडायच्या. मी चौथीत असताना त्यातली माझ्याच वयाची एक मुलगी वाढ्यांच्या भाऱ्यावर बसून माझं मराठीचं पुस्तक वाचत होती, बोट फिरवत, मोठ्याने. आई म्हणाली, "घे ते, मळवंल." मी घेतलं. तिच्या हातातून, वाक्य अर्धं असताना.

भाचीची पुस्तकं बाहेर काढ, एवढंच मी दादाला पुन्हा म्हणाले. ती मुलगी वाचत होती तेव्हा तोही भाऱ्याला टेकून ऐकत उभा होता. त्याला ती आठवते का, हे विचारायचं राहिलं.