समुपदेशन आधी, पण कुठे?

डिप्रेशनवरच्या तुमच्या लेखात म्हटलंय ‘आधी समुपदेशन, गोळ्या अगदी शेवटी’, पण हे लिहायला सोपंय हो भाऊ. आमच्या चोपड्याकडून दर आठवड्याला थेरपीसाठी जळगाव गाठायचं म्हणजे त्या दिवसाचा रोज बुडतो, त्यात केळीची काढणी चालू असली तर घरचे सोडतच नाहीत. माझ्या काकूला गोळ्यांनीच उठवलं, तेही लगेच नाही, पहिले दोन-तीन आठवडे नुसती मळमळ अन् तोंड कोरडं, तिथंच बरेच जण सोडून देतात, हे कोणी आधी सांगतच नाही.

आणि लेखात बायपोलरचा, म्हणजे कधी खोल उदासी तर कधी अति उत्साह अशा आजाराचा, उल्लेखच नाही! त्यात नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर माणूस उलट मॅनियात, म्हणजे त्या अति उत्साहाच्या टोकाला, जाऊ शकतो, लिथियम हे बायपोलरवरचं औषध चालू असेल तर रक्ततपासणी, थायरॉइड, किडनी बघत राहावी लागते. बोलायलाच कोणी हवं असेल तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६ वर फुकट आहे, तो नंबर तरी टाकायचा.