खांदेरी एका रात्रीत उभी राहिली नाही

अलिबागजवळ थळसमोरच्या समुद्रातल्या खांदेरी या बेटावरच्या किल्ल्याबद्दल एक फॉरवर्ड अधूनमधून फिरत असतो. त्यात म्हटलंय की कान्होजी आंग्र्यांनी हा किल्ला एका रात्रीत उभा केला, इंग्रजांना सकाळी थेट तटच दिसला, एका लढाईत त्यांचं आरमार पळालं आणि नंतर कुणी तिकडे फिरकलंच नाही.

आधी कान्होजी. बेटाला आज त्यांचं नाव आहे, घोळ बहुधा तिथूनच झाला असावा. पण हे काम १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी आपले आरमारी अधिकारी मायनाक भंडारी यांच्याकरवी सुरू केलं. तेव्हा कान्होजी असतील जेमतेम दहा वर्षांचे!

एका रात्रीचं तर सोडाच. १६७२ मध्येही महाराजांनी इथे काम काढलं होतं, ते इंग्रज आणि जंजिऱ्याचे सिद्दी आडवे आल्यानं थांबलं. १६७९ मध्येही सगळं उघड्यावरच चाललं होतं. मुंबई बंदराच्या तोंडाशी माणसं दगड रचताहेत, हे लपणार कसं? सप्टेंबरातच इंग्रज नावा येऊन ठेपल्या. लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प बेटावर उतरायला गेला आणि मारला गेला. तेव्हा तट म्हणजे दगडमातीचा बुटका बांध होता.

आता ती 'एक लढाई'. १८ ऑक्टोबरला महाराजांचा आरमारप्रमुख दौलतखान याचं आरमार इंग्रजांवर चालून आलं. इंग्रजांची 'डव्ह' ही गुराब (लढाऊ जहाज) आपल्या हाती लागली, त्यांच्या बाकीच्या नावांनी पळ काढला. एकटी 'रिव्हेंज' फ्रिगेट मात्र हटली नाही, आणि तिच्या तोफांपुढे शेवटी आपलीच गलबतं नागोठण्याच्या खाडीकडे वळली. हे फॉरवर्डमध्ये कधीच नसतं. खांदेरी टिकली ती रसदेवर. इंग्रजांची मोठी जहाजं वाऱ्याच्या भरवशावर चालणारी. आपल्या वल्ह्यांच्या होड्या रात्री त्यांना चुकवून बेटावर धान्य आणि दारूगोळा उतरवायच्या. असं महिनोन्‌महिने चाललं. मला तरी हे एका रात्रीच्या चमत्कारापेक्षा कितीतरी अवघड वाटतं. १६८० च्या सुरुवातीला खर्चाला कंटाळलेल्या इंग्रजांनी वेढा उठवला.

पण 'कुणी फिरकलंच नाही' हेही खोटंच. त्याच जानेवारीत सिद्दी कासमनं शेजारची उंदेरी बळकावली आणि तिथून खांदेरीवर तोफा रोखल्या. १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याचं आरमारही खांदेरीवर आलं आणि हात हलवत परतलं. तेव्हा खांदेरी कान्होजींच्या ताब्यात होती. त्यांना श्रेय द्यायचंच असेल, तर ते या लढाईचं द्या.