ठिपके चिकटवले म्हणजे ब्रेल होत नाही

‘तुमची पोस्ट अंध वाचकांपर्यंत पोहोचवायची आहे? युनिकोडमध्ये ब्रेलचं प्रत्येक अक्षर आहे. मजकूर कन्व्हर्टरमध्ये टाका, अक्षरागणिक ठिपके मिळतील, ते पोस्टमध्ये चिकटवा. ब्रेल येणारा कोणीही ते वाचू शकेल.’ हा सल्ला अधूनमधून फिरत असतो. हेतू चांगला आहे, पण विधानं एकामागून एक चुकलेली आहेत.

‘प्रत्येक अक्षर’ इथूनच सुरुवात करू. युनिकोड म्हणजे संगणकातल्या प्रत्येक लिपिचिन्हाला ठरावीक क्रमांक, म्हणजे संकेतांक, देणारी पद्धत. त्यात ब्रेलचं एकही अक्षर नाही. १९९९ मध्ये, आवृत्ती ३.० मध्ये, त्यात आले ते ठिपक्यांचे २५६ आकार, आणि त्यांची नावंही ‘ठिपके १-३’ अशा थाटाची. हा ‘ठिपके १-३’ आकार मराठीत क, इंग्रजीत ‘के’ आणि जपानीत ‘ना’. कोणत्या भाषेचं ब्रेल आहे हे तो संकेतांक सांगत नाही, आणि ते त्याचं कामही नाही.

संकेतांक ठरतो तो निव्वळ बेरजेनं. डाव्या ओळीत वरून खाली ठिपके १, २, ३. उजव्या ओळीत ४, ५, ६. त्यांच्याखाली ७ आणि ८. त्यांच्या किमती क्रमानं १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८. उठलेल्या ठिपक्यांची बेरीज षोडशमान (सोळाच्या पायावरच्या मोजणीतल्या) २८०० मध्ये मिळवायची. क म्हणजे १ अधिक ४, म्हणून २८०५. इतकी स्वच्छ मांडणी युनिकोडमध्ये क्वचितच सापडते! पण वर्णमालेशी तिचा संबंध नाही. संकेतांकानुसार क्रम लावलात तर इंग्रजी ‘के’ (५) हा ‘सी’च्या (९) आधी येतो आणि ‘ई’ (१७) ‘डी’च्या (२५) आधी. (सहा ठिपक्यांच्या ब्रेलला ६४ आकार पुरतात, बाकीचे आठ ठिपक्यांच्या संगणकीय ब्रेलसाठी.)

‘अक्षरागणिक ठिपके’ हा दावा मराठीत तर लगेच कोसळतो. संगणकात क्ष म्हणजे क, हलन्त आणि ष असे तीन संकेतांक. भारतीय भाषांसाठीच्या भारती ब्रेलमध्ये त्याला एकच घर, म्हणजे ठिपक्यांचा एकच आकार, लागतं, ठिपके १-२-३-४-५. उलट ‘क्य’मध्ये हलन्ताचं चिन्ह, म्हणजे ठिपका ४, क च्या आधी बसतं. इंग्रजीच्या संक्षिप्त ब्रेलमध्ये अख्खे शब्द एका घरात मावतात. म्हणूनच मजकुराचं ब्रेल करणाऱ्या लिबलुईससारख्या सॉफ्टवेअरमध्ये भाषेगणिक नियमांचे वेगवेगळे तक्ते असतात. अक्षराला आकार जोडून मोकळा होणारा कन्व्हर्टर जे देतो, ते ब्रेलसारखं फक्त दिसतं.

आता ‘कोणीही वाचू शकेल’. ब्रेल डिस्प्ले (बोटांखाली ठिपके उठवणारं उपकरण) वापरणाऱ्याला तुमचा साधा देवनागरी मजकूर आधीच वाचता येतो: स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून देणारं सॉफ्टवेअर) त्याचं ब्रेल करतो, तेही वाचकानं निवडलेल्या तक्त्यानुसार. तुम्ही चिकटवलेले ठिपके डिस्प्लेवर बहुधा जसेच्या तसे उमटतील, कन्व्हर्टरच्या चुकांसकट. पण जो आवाजावर ऐकतो, त्याच्या कानावर एकतर काहीच पडत नाही किंवा ‘ठिपके एक तीन’ अशी रटाळ यादी पडते. शोधातही तो शब्द सापडत नाही, कारण क आणि ‘ठिपके १-३’ हे संगणकाच्या लेखी दोन परके जीव आहेत. शब्दांमध्ये कोरं ब्रेल घर टाकलं असेल तर आणखी एक गोची: २८०० ला युनिकोड मोकळी जागा मानत नाही, चिन्ह मानतं.

शेवटचा गैरसमज या सल्ल्यात न बोलता गृहीत धरलेला असतो: डिजिटल ब्रेल म्हणजे युनिकोड. छापखान्याकडे जाणाऱ्या ब्रेल फायली अनेकदा बीआरएफ या जुन्या पद्धतीच्या असतात. त्यात ६४ आकारांसाठी साधी ६४ आस्की चिन्हं (रोमन अक्षरं, अंक, विरामचिन्हं) वापरतात. अशी मराठी फाइल संपादकात उघडली तर क च्या जागी रोमन ‘के’ दिसतो आणि क्षणभर वाटतं, फाइल बिघडली. ती बिघडलेली नसते. एम्बॉसरला (कागदावर ठिपके उठवणाऱ्या यंत्राला) दिली की कागदावर नेमका ठिपके १-३ उठतो.