पंचनाम्यात ज्याला रकाना नाही, ते आधी उचला

सांगलीत पाऊस लागून राहिला की बातम्यांच्याही आधी एकच प्रश्न फिरतो : आयर्विनला (कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला) पाणी किती झालं? 40 फुटांना पुराचा इशारा, 45 ला धोका, आणि त्यापुढे ज्याच्या त्याच्या गल्लीचा आकडा. दत्तनगरचा वेगळा, गावभागाचा वेगळा, हरिपूर रोडचा वेगळा. 2005 ला पाणी 53 फुटांच्या वर गेलं, 2019 ला 57 च्या वर, 2021 ला पुन्हा 54 च्या वर. पाणी चढताना काय करायचं हे आता घरोघरी पाठ झालंय. पाणी उतरल्यावर मात्र दरवेळी एक चूक होते, आणि त्या चुकीत जे जातं ते कुठल्याही बाजारात परत मिळत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

दार उघडलं की पहिले दोन दिवस काय चालतं बघा. स्टीलची भांडी अंगणात निघतात आणि घासायला सुरुवात होते. फ्रीज आणि टीव्ही चारजण धरून बाहेर काढतात. रेशनकार्ड, आधार, सातबारा दोरीवर चिमट्याला लागतात. आणि फोटोंचे अल्बम, पेटी (हार्मोनियम), आजीची पाककृतींची वही, पुस्तकं, वाकळा (गोधड्या) कोपऱ्यात ओल्या ढिगात पडून राहतात. "ते बघू नंतर."

नंतर त्यातलं काही हाताला लागत नाही. स्टीलचं ताट महिनाभर गाळात पडलं तरी घासलं की ताटच असतं. फ्रीजचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं, आणि वीज येईपर्यंत तो तसाही कामाचा नाही. आधार, रेशनकार्ड पुन्हा निघतं, सातबारा ऑनलाइन मिळतो, नोंदणीकृत खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयात मिळते. हेलपाटे पडतात, पण मिळतं. लग्नाच्या अल्बमची नक्कल कुठल्याच कार्यालयात नसते. म्हणून वस्तू उचलायचा क्रम किमतीवर ठरवू नका, ती किती तास तग धरेल यावर ठरवा. एका माणसाला भांड्यांवरून उठवून या कामाला बसवा. दोन तासांत फरक पडतो.

सगळ्यात आधी फोटो. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो आणि चित्र त्या थरात असतं. ओला असताना तो फुगतो आणि मऊ होतो, वाळला की शेजारच्या फोटोला किंवा प्लास्टिकला कायमचा चिकटतो. त्यामुळे भिजलेला अल्बम आहे तसा उन्हात ठेवणं ही सर्वात मोठी चूक. अल्बम ओला असतानाच उघडायचा. घरातली मोठी परात घ्या, तीत स्वच्छ गार पाणी भरा. टँकरचं पाणी चालेल, ब्लीचिंगचं अजिबात नको, त्याने रंग उडतात. चिकट पानांचा अल्बम असेल तर वरचं प्लास्टिक कडेने कापून काढा. एकमेकांना चिकटलेल्या फोटोंचा गठ्ठा परातीत बुडवा आणि अर्धा तास हात लावू नका. मग पाण्याखालीच एक कोपरा हळूच सुटतोय का बघा. नख घालू नका, दुधाच्या धुतलेल्या पिशवीची गुळगुळीत पट्टी कापून ती दोन फोटोंमध्ये सरकवा. सुटलेला फोटो फक्त कडेने धरायचा, चित्राच्या बाजूवर बोट फिरवायचं नाही. गाळ पुसायचा नाही, पाण्यात हलवून हलवून तो आपोआप खाली बसू द्यायचा. पाणी गढूळ झालं की बदलायचं. तीन परातींत फोटो बऱ्यापैकी स्वच्छ होतो. मग पांढऱ्या सुती कापडावर चित्र वर करून, सावलीत. वर्तमानपत्रावर ठेवलात तर शाई उमटते. वाळल्यावर तो वळेल, त्याची काळजी नको, पूर्ण सुकल्यावर जड पुस्तकाखाली आठवडाभर ठेवला की सरळ होतो.

सगळे फोटो एका दिवसात होणार नाहीत. राहिलेले वाळू न देता स्वच्छ पाण्याच्या बादलीत ठेवा, पण 48 तासांच्या वर नाही, त्यापुढे थर बुळबुळीत होऊन निघून येतो. तेवढाही वेळ नसेल तर फोटोंमध्ये प्लास्टिक घालून ते डीप फ्रीजरमध्ये ठेवायचे. गोठलेले फोटो महिनोन्‌महिने थांबतात, पुन्हा पाण्यात सोडून सावकाश सोडवता येतात. निगेटिव्ह असतील तर त्या फोटोंच्याही आधी, कारण त्यांच्यावरून नवे फोटो काढता येतात. भिंतीवरचा फ्रेममधला फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका. ओला असेल तर काचेसकट पाण्यात ठेवा. वाळून चिकटला असेल तर तसाच राहू द्या आणि सावलीत, काचेवर चकाकी येणार नाही अशा कोनातून मोबाईलने त्याचा फोटो घ्या. गेलेल्या माणसाचा घरात तेवढा एकच फोटो असतो. तो वाचवणं सोडून कढया घासत बसू नका, अगदी हात जोडून सांगतो.

पुस्तकांचं आणि वह्यांचं घड्याळही साधारण एवढंच चालतं, दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. भिजलेलं पुस्तक उघडून बघायचा मोह टाळा, ओलं पान स्वतःच्या वजनाने फाटतं. मिटलेलं पुस्तक पुठ्ठ्यासकट घट्ट दाबून धरा, बाहेरचा गाळ पाण्याखाली धुवा, दोन्ही तळहातांमध्ये दाबून पाणी काढा (पिळू नका), मग उभं करून दर वीस-पंचवीस पानांनी कोरा कागद घाला आणि तो दर दोन-तीन तासांनी बदला. गुळगुळीत आर्ट पेपरची पुस्तकं मात्र एकदा ओली होऊन वाळली की त्यांची वीट होते, त्यांना पानापानात कागद लागतो. इतकं करायला जमत नसेल तर तीही फ्रीजरमध्ये.

फ्रीजर आणायचा कुठून? विश्रामबागच्या, कुपवाडच्या, मिरजेच्या नातेवाइकांकडे वीज असते आणि फ्रीजही. आइस्क्रीमवाल्यांचे डीप फ्रीजर उणे 18 च्या आसपास चालतात, तेवढं तापमान पुरतं. बेदाण्याची शीतगृहं आपल्याकडे भरपूर, पण तिथलं तापमान शून्याच्या वर असतं. त्याने बुरशी लांबते, थांबत नाही. चार-पाच दिवसांची सोय म्हणून ठीक.

हस्तलिखित वह्यांमध्ये एक गोष्ट बघा. बॉलपेनची शाई पाण्याला बरीचशी टिकते, शाईपेनाची पसरते. शाईपेनाने लिहिलेली जुनी वही असेल तर ती धुवायच्या भानगडीत न पडता आधी उघडतील त्या पानांचे फोटो काढा, मग वाळवा. पुरणपोळीचं, मसाल्याचं, लोणच्याचं प्रमाण आजीच्या अक्षरात लिहिलेलं असतं. नवा मिक्सर हप्त्यावर येतो.

आता पेटी आणि तबला. हा मिरज-सांगलीचा भाग आहे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि घराघरांत भजनाची पेटी असते. ती पाण्यातून निघाली की सगळे पहिल्यांदा भाता दाबून बघतात, वाजते का. तिथेच ती मरते. भात्याच्या हवेबरोबर बारीक गाळ सुरांच्या, म्हणजे आतल्या आवाज देणाऱ्या पितळी जिभांच्या, फटीत जाऊन बसतो. भाता बांधून ठेवा. पट्ट्या ओढू नका, लाकूड फुगलेलं असतं, मोडेल. वरचं झाकण काढा, स्क्रू काढून आतली सुरांची फळी मोकळी करा, आणि एकही सूर काढण्याआधी सगळ्या ओळींचा मोबाईलने फोटो घ्या, नाहीतर कुठला सूर कुठला हे परत लागत नाही. सूर पितळेचे असतात, साध्या पाण्याखाली धुतले की स्वच्छ होतात. मऊ ब्रश फिरवायचा तो रिव्हेटच्या (जीभ ठोकलेल्या) बाजूने मोकळ्या टोकाकडे, लांबीत. आडवा फिरवला तर जीभ वाकते आणि सूर सरकतो. लगेच टिपून कोरडे करा, कारण दोन दिवसांत पितळेवर हिरवा थर येतो. भात्याचा पुठ्ठा आणि चिकटवलेलं कापड सुटलेलं असणार, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, भाता नवा बसतो. लाकूड मात्र घाई करत नाही. तीन-चार आठवडे वारा लागेल अशा सावलीत, उन्हात नाही. त्यानंतर कारागीर. तो जिभेच्या टोकाकडे किंचित खरवडून सूर चढवतो, रिव्हेटकडे खरवडून उतरवतो. हे काम घरी करू नये.

तबल्याची पुडी (वरचं चामडं) गेली असंच धरा. तिच्यावरची काळी शाई म्हणजे लोखंडाची बारीक पूड आणि खळ, ती पाण्यात विरघळते. पण खोड (लाकडी अंग) वाचतं. चामड्याच्या वाद्या ओल्या असतानाच सगळीकडून सारख्या सैल करा, वाळताना चामडं आखडतं आणि ताण एका बाजूला येतो. खोड उन्हात ठेवलं की उभी चीर गेलीच. बाया (डग्गा) धातूचा असेल तर धुवून पुसला की झालं.

शिवणयंत्राला तासांची नाही, दिवसांची मुदत असते, पण गंज थांबत नाही. साध्या पाण्याने गाळ धुवा, सुती कापडाने टिपा, बॉबिन केस आणि शटल बाहेर काढा, रॉकेल मिळालं तर त्याने नाहीतर डिझेलने फिरते भाग धुवा, मग मशीनचं तेल सोडून चाक हाताने शंभरवेळा फिरवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मोटार जोडलेली असेल तर ती वायरमनने मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या यंत्राने) तपासल्याशिवाय प्लगला लावायची नाही. मिक्सर, पंखा, रेडिओ यांनाही हाच नियम. रेडिओतले सेल पहिल्याच दिवशी काढून टाका. स्पीकरचा कागदी कोन विरघळला तर तो स्वस्तात बदलून मिळतो. सकाळी आकाशवाणी सांगली लागली की घराला घराचा आवाज येतो, आणि हे मी उगाच म्हणत नाही.

वाकळेबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण माणसं ती सरळ उकिरड्यावर टाकतात. पाच-सात जुन्या साड्या एकावर एक, दाट टाके. गाळ बाहेर कमी आणि थरांच्या मध्ये जास्त असतो. नुसती आपटून धुतली तर वरून स्वच्छ दिसते, आतून चिखल राहतो, आठव्या दिवशी काळे ठिपके आणि वास. एका बाजूचे टाके उसवा. वाकळ पोत्यासारखी उघडते. आतून पाणी सोडून बाहेर गढूळ येणं थांबेपर्यंत धुवा, मग दोरीवर थर वेगळे राहतील अशी टाका. श्रावणात ऊन तासभरच मिळतं, तेवढ्यावर दाट वाकळ सुकत नाही, उघडलेली सुकते. पुन्हा टाके घालायला दोन दुपारी जातात. कापसाची गादी आणि फोमची उशी मात्र टाकाच, त्यांच्यातलं सांडपाणी निघत नाही.

स्वयंपाकघराचा हिशेब सोपा आहे. धातू, काच, दगड ठेवा. पाटा-वरवंटा उकळत्या पाण्याने धुतला की पुन्हा वापरात येतो. बिडाचा तवा गंजलेला दिसला तरी घासून, तापवून, तेल पाजून पहिल्यासारखा होतो. लाकडी पोळपाट, ओरखडे पडलेलं प्लास्टिक आणि पाण्याखाली गेलेला प्रत्येक मसाला, पापड, पीठ टाका, डबा घट्ट होता तरी टाका. फरशीसाठी 10 लिटरच्या बादलीत मोठा चमचाभर, म्हणजे साधारण 15 ग्रॅम, ब्लीचिंग पावडर पुरे. त्यात ॲसिड मिसळू नका, विषारी वायू होतो. आणि टाकण्याआधी प्रत्येक वस्तूचा फोटो काढा, पंचनाम्याला लागतो.

पंचनाम्याचं असं आहे की तो गरजेचाच आहे, पण त्यात कपडे असतात, भांडी असतात, जनावरं असतात, घराची पडझड असते. 2019 ला शहरात 15 हजार आणि ग्रामीण भागात 10 हजार मदत जाहीर झाली, तीही याच हिशेबाने. पेटीला त्यात रकाना नाही. कॅरम बोर्डाला नाही, पोरांच्या चित्रकलेच्या वहीला नाही. सरकारला दोष देत नाही, पण घरच्यांनीही मनातून तोच रकाना लावून घेतला की फार नुकसान होतं. "लोकांचं होत्याचं नव्हतं झालंय आणि तुम्हाला पेटीचं पडलंय?" असं बोलणारे भेटतात. मला हे बोलणं चुकीचं वाटतं. माणूस नुसत्या ताट-वाटीवर घरी परत येत नाही. संध्याकाळी कांदा-कोथिंबीर घालून भडंग कालवलं, शेजारच्याला हाक मारली, कोणीतरी जुनं गाणं म्हटलं, म्हणजे घर पुन्हा लागायला लागतं. 2019 ला पाणी उतरल्यावर तीनेक आठवड्यांत गणपती आले. भिंती ओल्या होत्या, तरी आरती झाली. ते करणाऱ्यांचं काही चुकलं नाही.

मदत पाठवणाऱ्यांनाही सांगायचंय. जुने कपडे आणि बिस्किटं ढिगाने येतात. त्याऐवजी टेबल फॅन, कोऱ्या कागदाची रिमं, सुती पंचे, रबरी हातमोजे, वायरमन आणि पेटी दुरुस्त करणाऱ्याची दोन दिवसांची मजुरी पाठवा. पोरांसाठी रंगखडू आणि एक कॅरम.

पुढच्या पावसाळ्याचं आत्ता करून ठेवायला हवं. फोटोंचे मोबाईलने फोटो घेऊन ते गावाबाहेरच्या दोन नातेवाइकांना पाठवा. अल्बम, वह्या, निगेटिव्ह जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत, पिशव्या एका हवाबंद डब्यात. आणि हा डबा माळ्यावर टाकून निर्धास्त होऊ नका. 2005 ची खूण धरून कितीतरी घरांनी सामान माळ्यावर चढवलं होतं, 2019 ला पाणी त्या खुणेच्याही वर गेलं. डबा आणि पेटी आयर्विनला 40 झाले की दाराशी आणून ठेवा, निघताना पहिल्यांदा हाताला लागेल अशी. होडीत दोघांच्या मध्ये तेवढी जागा असते.