अंतर्मुख मुलाने डॉक्टर होऊ नये? फिरत्या मेसेजचा प्रतिवाद

दहावीचा निकाल लागला की लातूर, नांदेड, परभणीकडच्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. मजकूर थोडक्यात असा: ‘कॅटेल या शास्त्रज्ञाने माणसांचे १६ प्रकार शोधले. दहा मिनिटांची ऑनलाइन चाचणी द्या, मुलाचा प्रकार कळेल. अंतर्मुख निघाला तर डॉक्टर, वकील नको. स्वभाव जन्मजात असतो, बदलत नाही. निकाल वाचून तुम्हीच म्हणाल, अगदी बरोबर!’ अशा मेसेजच्या भरवशावर अकरावीची शाखा ठरते आणि क्लासची फी भरली जाते. म्हणून त्यातला एकेक दावा तपासायलाच हवा.

आधी कॅटेल. मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटेल यांच्या १९४९ च्या प्रश्नावलीत १६ आहेत ते गुणविशेष, माणसांचे प्रकार नव्हेत. प्रत्येक गुणविशेषावर १ ते १० मध्ये गुण मिळतात, म्हणजे एका माणसाचे १६ आकडे येतात. अंतर्मुख-बहिर्मुख अशा चार जोड्यांमधून तयार होणारे १६ ‘प्रकार’ ही कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांची मांडणी. ती मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांच्या १९२१ च्या ग्रंथावर बेतलेली आहे. दोन्हीकडे १६ हा आकडा आला एवढाच काय तो संबंध.

गुणविशेष सिद्धांताची वाट निराळी आहे. ऑलपोर्ट आणि ओडबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी १९३६ मध्ये इंग्रजी शब्दकोशातून माणसाचं वर्णन करणारे सुमारे १८,००० शब्द काढले. त्यांतले साधारण ४,५०० टिकाऊ गुणविशेष सांगणारे होते. कॅटेल यांनी ती यादी आटवत नेली. आज बहुतेक संशोधन पाच घटकांवर चालतं: बहिर्मुखता, सौहार्द, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थिरता आणि नव्या अनुभवांची ओढ. या पाचांपैकी प्रत्येक गोष्ट प्रत्येकात असते, फक्त कमी-जास्त.

‘प्रकार कळेल’ हा दावा इथेच अडतो. समजा बहिर्मुखतेची ८ विधानं आहेत आणि प्रत्येकाला १ ते ५ गुण. बेरीज ८ ते ४०, मध्य २४. प्रमाण विचलन, म्हणजे मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेत ते, ६ धरू. विश्वसनीयता, म्हणजे चाचणी पुन्हा घेतली तर आकडा कितपत तोच येईल ते, ०.८० धरू (१ म्हणजे अचूक), जी चांगलीच म्हणायची. मापनाची प्रमाण त्रुटी, म्हणजे आकडा साधारण किती इकडेतिकडे होऊ शकतो ते, येते ६ × √०.२०, म्हणजे सुमारे २.७. आज २५ गुण मिळालेल्या मुलीचा खरा आकडा २२.३ ते २७.७ च्या दरम्यान कुठेही असू शकतो, आणि त्याच्याही बाहेर असण्याची शक्यता साधारण एक तृतीयांश उरतेच. २४ वर रेघ मारली, तर ती आज बहिर्मुख आणि पुढच्या महिन्यात अंतर्मुख. शिवाय बहुतेक मुलं मध्याच्या आसपासच असतात, आणि तिथेच ही रेघ मारली जाते.

अशा चाचण्यांच्या फुकटच्या ऑनलाइन नकलांमध्ये आणखी एक घोळ असतो. ‘गर्दीत मी गप्पच असतो’ यासारख्या उलट्या विधानाचे गुण ६ मधून वजा करून धरायचे असतात. आठांपैकी चार विधानं उलटी असतील आणि मुलाने कंटाळून सगळीकडे ५ वर टिचकी मारली, तर नीट मोजणीत त्याला २४ मिळतात, म्हणजे मधोमध. वजाबाकी विसरली की तेच ४० होतात आणि ‘अत्यंत बहिर्मुख’ असा रंगीत रिपोर्ट हातात पडतो.

अंतर्मुखाने डॉक्टर होऊ नये, याला आधार नाही. शिक्षणातल्या यशाशी या पाचांपैकी सर्वांत ठळक नातं कर्तव्यदक्षतेचं आहे आणि तेही ०.२ च्या आसपास (० म्हणजे संबंधच नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध). याचा वर्ग केला तर गुणांमधल्या फरकाचा जेमतेम ४ टक्के भाग त्यातून उलगडतो. बहिर्मुखतेचा संबंध जवळपास शून्य. १६ प्रकारांची मायर्स-ब्रिग्ज चाचणी चालवणारी संस्थासुद्धा सांगते की नोकरीसाठी उमेदवार निवडायला ती वापरू नये. मग पंधरा वर्षांच्या पोराची वाट तिच्यावरून का अडवायची?

स्वभाव बदलत नाही, हेही खोटं. आनुवंशिकतेचा वाटा ४० ते ५० टक्के मानतात, पण तो लोकांमधल्या फरकांबद्दलचा आकडा आहे. त्यावरून एका मुलाचं भवितव्य निघत नाही. २००६ मध्ये रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी दीर्घकालीन अभ्यासांचे ९२ नमुने एकत्र तपासले. कर्तव्यदक्षता वयाबरोबर वाढत जाते, विशेषतः विशी ते चाळिशीत, असं त्यात दिसलं. दहावीत पसारा घालणारा मुलगा आयुष्यभर तसाच राहील, असं कुणी ठरवू नये.

राहिलं ‘अगदी बरोबर!’. मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ३९ विद्यार्थ्यांना ‘तुमचं खास वर्णन’ म्हणून एकच मजकूर वाटला. त्यांनी त्याला ५ पैकी सरासरी सुमारे ४.३ गुण दिले. पटणं हा अचूकतेचा पुरावा होत नाही.

चाचणी घ्यायचीच असेल, तर मोबाइल मुलाच्या हातात द्या आणि खोलीतून बाहेर जा. वडील प्रश्न वाचतात आणि पोरगं त्यांच्या तोंडाकडे बघून उत्तर देतं, तेव्हा वडिलांची अपेक्षा मोजली जाते. समुपदेशकाला तीन गोष्टी विचारा: तुलना कोणत्या वयाच्या आणि कुठल्या मुलांशी केली, विश्वसनीयता किती, आणि आकडा त्रुटीच्या पट्ट्यासह द्याल का. नुसता प्रकार सांगत असतील, तर पैसे देऊ नका. शाखा निवडायला कल चाचणीतून आवड, अभिक्षमता चाचणीतून कुवत आणि आठवी ते दहावीचे विषयवार गुण समोर ठेवा. व्यक्तिमत्त्वाचे आकडे अभ्यासाचं वेळापत्रक बसवायला कामी येतील: कर्तव्यदक्षतेत कमी असेल तर रोजचं काम लहान तुकड्यांत द्या आणि संध्याकाळी तपासा.