काळा समुद्र म्हणे मेलेला!

‘काळा समुद्र मेलेला आहे. खाली सगळा विषारी वायू, मासा नाही. समुद्र रशियाचा, बाकीचे देश नावाला. आणि तुर्कस्तानने मनात आणलं की दार बंद.’ हा मेसेज फिरत फिरत माझ्या भाचीच्या शाळेच्या प्रकल्पात जाऊन बसला, तेव्हा लिहिणं भाग पडलं.

आधी वायूचं. दीडशे-दोनशे मीटरच्या खाली प्राणवायू नाही, हायड्रोजन सल्फाइड आहे. खरं आहे, मान्य. पण तिथे जाळं टाकतंय कोण? वरच्या थरात डॅन्यूब, नीपर या नद्या गोडं पाणी आणतात, त्यावर जे सूक्ष्म जीव वाढतात ते खाऊन हम्सी नावाचा बोटभर मासा पोसतो. थंडीत त्याचे थवे अनातोलियाच्या, म्हणजे तुर्कस्तानच्या, किनाऱ्याकडे सरकतात आणि तिथल्या मच्छीमारांचा हंगाम त्याच्यावरच चालतो. हा धंदा एकदा खरोखर कोसळला होता, १९८०च्या दशकाच्या अखेरीस. वायूमुळे? छे! जहाजं तोल सांभाळायला जे पाणी भरून घेतात, त्यातून अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा नेमिऑप्सिस नावाचा जेलीसारखा जीव इथे आला. त्याने हम्सीचं खाद्य खाल्लं, अंडीही खाल्ली. त्यात बेसुमार मासेमारीची भर. १९९७मध्ये त्याला खाणारा दुसरा तसलाच जीव पोहोचला, तेव्हा कुठे उतार पडला. आधीच मेलाय म्हटलं की नद्यांतून खतं आणि सांडपाणी सोडणाऱ्यांना रान मोकळं. मला राग येतो तो याचा.

रशियाचा समुद्र? किनाऱ्यावर देश सहा. रोमानियाचं कॉन्स्टांत्सा, बल्गेरियाचं वार्ना, जॉर्जियाचं पोटी, युक्रेनचं ओडेसा ही बंदरं काय शोभेला आहेत? कझाकस्तानला तर इथे किनाराच नाही, तरी त्याचं बहुतेक तेल रशियाच्या नोव्होरोसिस्क बंदराजवळ जहाजात चढतं. आणि रशिया-युक्रेन युद्ध चालू असताना, जुलै २०२२ ते जुलै २०२३, धान्याची जहाजं सुखरूप जाऊ देण्याच्या करारातून युक्रेनच्या बंदरांतला जवळजवळ ३.३ कोटी टन माल बाहेर पडला.

दार म्हणजे बॉस्फरस आणि दार्दनेल्स, काळ्या समुद्रातून बाहेर पडायच्या तुर्कस्तानातल्या सामुद्रधुन्या. त्यांचं तर लेखी आहे. १९३६चा माँत्रो करार, कलम २: शांततेच्या काळात व्यापारी जहाजांना दिवसा-रात्री, कोणत्याही झेंड्याखाली, कोणताही माल घेऊन जायची पूर्ण मुभा. २०२२मध्ये तुर्कस्तानने अडवल्या त्या युद्धनौका. मालवाहू जहाजं जात-येत राहिली. दीपगृहं, बचावसेवा यांची फी तो घेतो आणि त्याच वर्षी त्याने ती चांगलीच वाढवली. ओरडायचंच असेल तर त्या फीबद्दल ओरडा.