माणूस्स आणि पुस्तक्स

माझी पुस्तकं लोक नेतात आणि परत आणत नाहीत. यात नवीन काही नाही, सगळ्यांचंच हे होतं. कोण काय घेऊन गेलं ते लिहायला मी एक वही केली होती, ती पण कोणीतरी नेली. कोणी नेली ते वहीतच लिहिलेलं असणार.

हे मी एका मैत्रिणीला सांगितलं. ती सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे तिला प्रत्येक दुःखावर एकच औषध माहीत. म्हणाली, "अगं मग एक साधी वेबसाइट टाक ना, पायथनमध्ये, एक यादी, एक फॉर्म, झालं, वीकेंडचं काम आहे." मला पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा थोडीफार येत होती, म्हणजे कुठल्याशा ऑनलाइन कोर्सच्या पहिल्या चार धड्यांइतकं. मी म्हटलं करूया की. कुठला वीकेंड ते तिने सांगितलं नव्हतं आणि मी पण विचारलं नाही, चूक माझीच.

सुरुवात फ्लास्कने केली. फ्लास्क म्हणजे वेबसाइट बनवायचं एकदम छोटं फ्रेमवर्क, आयता सांगाडाच, पाच-सहा ओळीत पान दिसायला लागतं असं सगळे सांगतात आणि ते खरं आहे. हे फ्लास्क एप्रिल फूलच्या एका गमतीतून निघालं, २०१० मध्ये, आर्मिन रोनाखर नावाच्या माणसाने केलेल्या. गंमत लोकांना इतकी आवडली की त्याचं खरंखुरं फ्रेमवर्क झालं. मला हे आधी माहीत असतं तर जरा सावध राहिले असते. मी त्या पाच ओळी लिहिल्या, फाइलला शहाण्यासारखं नाव दिलं "फ्लास्क डॉट पाय", कारण फ्लास्कचीच फाइल आहे ना, आणि रन केलं. तर म्हणे फ्लास्कमधून फ्लास्क इम्पोर्ट करता येत नाही. मी फ्लास्क काढून परत टाकलं, पायथन काढून परत टाकलं, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. दीड तासाने कळलं की पायथन आधी शेजारच्या फाइली बघतं, त्यात त्याला माझीच फ्लास्क डॉट पाय सापडत होती आणि ते बिचारं माझ्याच फाइलमधून माझीच फाइल आणायचा प्रयत्न करत होतं. म्हणजे चष्मा डोक्यावर आणि शोध घरभर, तसं. फाइलचं नाव बदललं, एका सेकंदात पान आलं, त्यावर "हॅलो". एवढ्यासाठी दीड तास.

मैत्रिणीला अभिमानाने सांगितलं तर ती म्हणते, "पण तुला लॉगिन लागेल, डेटाबेस लागेल, फ्लास्कमध्ये हे सगळं तुझं तुला जोडावं लागेल, त्यापेक्षा जँगो घे, सगळं आयतं मिळतं." हे तिने शनिवारी का नाही सांगितलं ते विचारायचं नसतं.

तर जँगो, हेही फ्रेमवर्कच, फक्त मोठं. स्पेलिंगमध्ये सुरुवातीला डी आहे पण तो बोलायचा नसतो, मी दोन दिवस डी-जँगो डी-जँगो करत होते आणि मैत्रीण सभ्य असल्यामुळे काही बोलली नाही. नाव ठेवलंय जँगो राइनहार्ट या गिटारवाल्यावरून. आगीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं जवळपास निकामी झाली, तरी पठ्ठ्या उरलेल्या बोटांनी असं वाजवायचा की लोक अजून नाव काढतात. मीही दोनच बोटांनी टाइप करते पण अजून कोणी नाव काढलेलं नाही. आणि हे फ्रेमवर्क जन्मलं कुठे, तर अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या एका वर्तमानपत्रात, २००३ च्या सुमाराला. तिथल्या वेब टीमला बातमीच्या घाईत काही तासांत पानं उभी करून द्यावी लागायची, म्हणून त्यांनी स्वतःसाठी हे हत्यार बनवलं, मग २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. काही तासांत! मला तीन आठवडे लागले, आणि मला तर कोणी डेडलाइन पण दिली नव्हती.

आधी व्हर्च्युअल एन्व्हायरन्मेंट करा म्हणतात. म्हणजे या प्रोजेक्टचं सामान वेगळ्या खोलीत ठेवायचं, दुसऱ्या प्रोजेक्टच्या सामानात मिसळायचं नाही. कल्पना चांगली आहे, फक्त दरवेळी नवी टर्मिनल खिडकी, कमांड टाइप करायची ती, उघडली की त्या खोलीत परत शिरावं लागतं, आणि मी ते हमखास विसरायची. मग जँगो नावाचं काही नाहीच असा एरर. अगं आहे, काल तर होतं! ते त्या खोलीत आहे बाई, तू बाहेर उभी आहेस.

प्रोजेक्टला आधी "टेस्ट" नाव दिलं तर जँगोने साफ नकार दिला, या नावाचं पायथनमध्ये आधीच एक मॉड्यूल, म्हणजे तयार कोडचा गठ्ठा, आहे, दुसरं नाव शोधा. फ्लास्कच्या वेळी हेच कोणी सांगितलं असतं तर. मग "ग्रंथालय" ठेवलं. तर ग्रंथालय नावाचं फोल्डर झालं आणि त्याच्या आत पुन्हा ग्रंथालय नावाचंच फोल्डर. मला वाटलं चुकून दोनदा झालं, म्हणून आतलं उडवलं. ते उडवायचं नसतं. सेटिंग्ज, युआरएल्स सगळं त्या आतल्यातच राहतं. पुन्हा पहिल्यापासून.

शेवटी रनसर्व्हर ही साइट चालू करायची कमांड दिली आणि ब्राउझरमध्ये एक रॉकेट उडताना दिसलं, खाली लिहिलेलं, इन्स्टॉल यशस्वी झालं, अभिनंदन! खरं सांगते, इतक्या कमी कामासाठी इतकं कौतुक माझं आजवर कोणी केलं नव्हतं. मी स्क्रीनशॉट काढून सगळ्यांना पाठवला. टर्मिनलमध्ये मात्र लाल अक्षरात लिहून आलं होतं की तुमची १८ मायग्रेशन्स, म्हणजे डेटाबेसमध्ये करायचे बदल, बाकी आहेत. अजून मी एक ओळ लिहिलेली नाही आणि १८ कामं थकलेली. घरच्यासारखंच वाटलं एकदम.

आता मॉडेल. डेटाबेसमध्ये कुठल्या गोष्टी ठेवायच्या त्याचे साचे म्हणजे मॉडेल. मला दोनच पाहिजे होते, पुस्तक आणि माणूस. इंग्रजी नावं द्यायला कंटाळा, म्हणून रोमन अक्षरांत सरळ "पुस्तक" आणि "माणूस" असेच क्लास लिहिले. जँगोची खरी जादू म्हणजे अ‍ॅडमिन, तुम्ही साचा दिला की डेटा भरायची, बदलायची, उडवायची सगळी पानं ते स्वतः बनवून देतं, एकही फॉर्म लिहावा लागत नाही. मी मोठ्या उत्साहाने लॉगिन केलं. समोर दोन लिंक्स. एक "पुस्तक्स". दुसरी "माणूस्स".

जँगोला अनेकवचन म्हणजे शेवटी एस लावायचा एवढंच माहीत, ते गरिबाने लावलं. माणूस्स! अजगर फुत्कारल्यासारखं. पायथन हे नाव मुळात सापावरून नाहीच, एका ब्रिटिश विनोदी टीव्ही कार्यक्रमावरून ठेवलंय असं त्याच्या कर्त्यानेच सांगितलंय, पण ते माणूस्स बघून माझा त्यावरचा विश्वास उडाला. सेटिंग बदलून अनेकवचन आपल्याला हवं ते देता येतं, मी पुस्तकाचं "पुस्तके" केलं. माणसाचं "माणसे" करणार होते, पण माझी पुस्तकं दाबून बसलेल्या लोकांना माणूस्सच ठीक आहे असं वाटलं, ठेवलं तसंच.

आत गेले तर यादीत पुस्तकांची नावंच नाहीत. "पुस्तक ऑब्जेक्ट (१)", "पुस्तक ऑब्जेक्ट (२)", असं ओळीने चाळीस. तुमच्या वस्तूला नावाने कशी हाक मारायची हे तुम्हीच शिकवायचं असतं, दोन ओळींचं काम आहे, पण ते कळेपर्यंत मी चाळीस पुस्तकं भरून बसले होते.

मग टेम्प्लेट, म्हणजे लोकांना दिसणारं पान. इथे मी आयुष्यातला एक अख्खा रविवार घालवला. जँगो म्हणतंय "टेम्प्लेट डझ नॉट एक्झिस्ट". मी म्हणतेय एक्झिस्ट, हे बघ समोर आहे. पिवळ्या पानावर ते मला दाखवतंय की मी इथे शोधलं, तिथे शोधलं, कुठेच नाही, आणि मी फाइल एक्सप्लोररमध्ये त्याच फाइलवर बोट ठेवून बसलेय. तुम्ही स्क्रीनशी भांडलात का कधी? मी भांडले, मोठ्याने. धाकटा भाऊ दारातून डोकावून गेला, काही न विचारता. संध्याकाळी दिसलं, फोल्डरचं नाव मी "टेम्प्लेट" ठेवलं होतं, पाहिजे होतं "टेम्प्लेट्स". म्हणजे जिथे एस नको होता तिथे यांनी स्वतःहून लावला आणि जिथे पाहिजे होता तिथे मी लावायचा!! मी हसले की रडले आठवत नाही, पण भावाने पुन्हा डोकावून बघितलं एवढं आठवतंय.

फॉर्मचं फार सांगत नाही. बटण दाबलं की ४०३ फॉरबिडन, माझ्याच साइटवर मलाच मनाई. दुसऱ्या कुठल्या साइटने तुमच्या नावाने गुपचूप फॉर्म भरू नये म्हणून आत एक गुप्त टोकन टाकावं लागतं, ते मी टाकलं नव्हतं. एका ओळीत सुटलं. सीएसएसचं, म्हणजे पानाच्या रंगरूपाच्या फाइलचं, पण तसंच, रंग बदलला, बदलेना, पुन्हा बदलला, चिडून भडक जांभळा केला, ब्राउझर आपला जुनीच फाइल धरून बसलेला. कंट्रोल शिफ्ट आर दाबल्यावर सगळं पान एकदम जांभळं झालं आणि मी दचकले.

तर साइट झाली. माझ्या कॉम्प्युटरवर पळायला लागली. मी काकूला लिंक पाठवली, १२७.०.०.१, पुढे ८००० नंबरचा पोर्ट. काकू म्हणाली उघडत नाही. मी म्हटलं रिफ्रेश कर. तिने केलं. मी म्हटलं तुझं नेट बघ. तिने राउटर बंद करून चालू केला, माझ्यासाठी. मैत्रिणीला फोन केला तर ती आधी पोटभर हसली. १२७.०.०.१ म्हणजे "मी स्वतः", ज्या कॉम्प्युटरवर टाकाल त्याचा तोच. म्हणजे काकू तिच्या फोनला विचारत होती की बाबा तुझ्यात पुस्तकांची साइट आहे का, आणि फोन खरं ते सांगत होता. काकूला हे समजावून सांगायचं धाडस झालं नाही, मी म्हटलं सर्व्हरचं काम चालू आहे.

आता ती खऱ्या सर्व्हरवर टाकायची. मैत्रीण म्हणाली, "आधी डिबग फॉल्स कर, म्हणजे चुका शोधायची सोय बंद कर, नाहीतर काही बिघडलं की तुझा कोड जगाला दिसेल." केलं. लगेच जँगो म्हणे अलाउड होस्ट्स भरा, तुमच्या साइटला कुठल्या पत्त्याने हाक मारलेली चालेल ते सांगा. सांगितलं. पान उघडलं आणि सगळी सजावट गायब, पांढऱ्यावर काळी अक्षरं, निळ्या लिंक्स, माझा जांभळा कुठेच नाही! डिबग चालू असताना जँगो सीएसएस आणि चित्रं स्वतः वाहून आणतं, ते बंद केलं की हात वर करतं, हे माझं काम नाही, खऱ्या सर्व्हरला सांगा. मग कलेक्टस्टॅटिक नावाची कमांड, ती सगळ्या फाइली एका जागी गोळा करते. शंभरावर फाइली गोळा झाल्या, त्यातली माझी एक. बाकी सगळ्या अ‍ॅडमिनच्या. मग त्या वाढून द्यायला व्हाइटनॉइज नावाचं आणखी एक पॅकेज. मग सर्व्हरवर ४०० बॅड रिक्वेस्ट, कारण अलाउड होस्ट्समध्ये मी माझ्याच साइटच्या नावात एक टिंब जास्त दिलं होतं. ते टिंब शोधण्यात मंगळवार गेला.

पण झाली एकदाची. काकूकडे उघडली, वहिनीकडे उघडली, काकूने तर तिच्याकडची दोन पुस्तकं स्वतःहून नोंदवली. मला भरून आलं. फक्त धाकटा भाऊ. त्याच्या नावावर सात पुस्तकं, महिनोन्‌महिने, आणि मेसेज केला की नुसता अंगठा. एका रात्री इतका राग आला की अ‍ॅडमिनमध्ये गेले, माणूस्सच्या यादीत त्याचं नाव शोधलं आणि डिलीट दाबलं. जँगोने एक पान दाखवलं, बरंच काही लिहिलं होतं, खाली बटण होतं, हो मला खात्री आहे. मला पूर्ण खात्री होती. दाबलं.

झालं असं की पुस्तक आणि माणूस जोडताना जँगो विचारतं, माणूस उडवला तर त्याला जोडलेल्याचं काय करायचं? हे सांगितल्याशिवाय पुढेच जाऊ देत नाही. मी कुठूनतरी बघून "कॅस्केड" लिहिलं होतं, धबधब्यासारखं छान वाटलं म्हणून. त्याचा अर्थ, वरचा गेला की खालचे सगळे वाहून गेले. त्या पानावर जे बरंच काही लिहिलं होतं ती माझ्याच सात पुस्तकांची नावं होती. बॅकअप? नाही.

सकाळी भावाचा मेसेज, चार महिन्यांत पहिल्यांदा अंगठा सोडून काहीतरी. "ताई, तुझ्या साइटवर माझ्या नावावर काहीच दिसत नाही, हिशोब मिटला ना?"

मी फोन केला, जरा गोड आवाजात म्हटलं, साइटचं थोडं मेंटेनन्स चालू आहे, तुझ्याकडे माझी कुठली कुठली पुस्तकं आहेत ती जरा वाचून दाखव ना. तो कपाटापाशी जाऊन एकेक नाव वाचायला लागला, मी हळू हळू, दोन बोटांनी, भरायला लागले. तत्पूर्वी कॅस्केड काढून प्रोटेक्ट लिहिलं होतं, तेवढी अक्कल आली होती.

सात झाली. मी म्हटलं बस, थँक्यू.

"थांब ना," तो म्हणाला, "अजून पाच आहेत. आणि एक वही."